सात तासांचा उजेड

“ये इकडे. हे काय आहे?”

निरीक्षकाने टाकीच्या काचेवर आतून बोट फिरवले आणि ते हिरवे झालेले ओले बोट बायकोच्या नाकासमोर धरले.

“शेवाळ,” ती म्हणाली.

“आणि शेवाळ कशाने येतं?”

“जास्त उजेडाने.”

“पाठ आहे ना? मग?”

तो वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता. बाजारात एखाद्याचा काटा गुंजभर जरी ढळला, तरी त्याच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलत असे. असा मनुष्य स्वतःच्या घरातील चार फुटी टाकीच्या बाबतीत ढिलाई कशी सोसणार? पाण्यातील वनस्पतींना दिवसाकाठी किती उजेड द्यावा, याचा त्याने सखोल अभ्यास केला होता. उजेड कमी पडला तर पाने पिवळी पडतात. अधिक झाला तर शेवाळ माजते आणि पानांचा श्वास कोंडतो. प्रारंभी त्याने दहा तास दिले, नंतर आठ, आणि आता सात. टाकी रस्त्याकडच्या खिडकीत होती. परंतु खिडकी उत्तरेची असल्यामुळे उन्हावर संशय घेण्यास जागा नव्हती. संशय घेण्यास घरात एकच माणूस उरत होते.

“मी बाहेर पडलो की तूच लावतेस दिवा.”

“कशी लावणार? टायमरच्या पेटीची किल्ली तुमच्या खिशात असते.”

“उलट बोलू नकोस!”

त्या घरातील बहुतेक किल्ल्या त्याच्याच खिशात असत. चोऱ्यामाऱ्या वाढल्यामुळे कामावर जाताना तो दाराला बाहेरून कुलूप घाली. मोबाईलही दोघांत एकच होता. दोन माणसांना दोन कशाला, असे त्याचे रोखठोक मत. माहेरची ये-जा नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने या घरात आवाज चढवला, तेव्हा निरीक्षकाने त्याला जिन्यावरून खाली काढून दिले होते. त्याची दारात राहिलेली चप्पल द्यायला ती तेवढी चार पायऱ्या उतरली होती. तेव्हापासून घरात शांतता नांदत होती.

उजेडाचे तास कमी करण्याचे ठरले, तेव्हा तिने एक विनंती मात्र केली होती.

“सकाळचे कापा. संध्याकाळी आठपर्यंत राहू द्या ना. अंधार पडल्यावर किती छान दिसतं.”

तिला एवढी हौस असेल, याची त्याला कल्पना नव्हती. त्यालाही ते सोयीचे होते. त्याने टायमर दुपारी एक ते रात्री आठ असा लावला, आणि आपण बायकोच्या शब्दाबाहेर नाही, याचा दाखला म्हणून ही गोष्ट तो कचेरीत चारचौघांना ऐकवीत असे.

रोज संध्याकाळी ती टाकीपाशी बसे. साडेसातच्या सुमारास खालच्या वळणावरून बस जाई आणि तिचा चालक न चुकता दोनदा हॉर्न वाजवी. त्या आवाजाने निरीक्षकाचे पित्त खवळे.

“रस्ता काय याच्या बापाचा आहे? एकदा नंबर टिपून तक्रारच ठोकतो!”

“वळण आहे ना,” ती म्हणे, “समोरून कुणी येत असेल.” आणि उठून स्वयंपाकाला लागे.

आज मात्र प्रकरण हॉर्नवर थांबणारे नव्हते. निरीक्षकाने लांब चिमट्याने एक पान उपटून वर काढले. त्यावर काळसर केसांसारखे शेवाळ लोंबत होते.

“तीन वर्षं! पोटच्या पोरासारखी वाढवली ही झाडं. हात दाखव तुझे.”

तिने उजवा हात पुढे केला. डावा, मनगटाला पट्टी बांधलेला, पाठीमागेच राहिला. गेल्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरली होती. डॉक्टरांना त्याने तसेच सांगितले होते.

“आता एकच औषध. तीन दिवस ठार अंधार. दुकानदारही हेच म्हणतो. शेवाळ उपाशी मरतं, झाडं तग धरतात.”

“तीन दिवस?” तिचा आवाज एकदम खाली गेला. “संध्याकाळी तासभर तरी...”

त्याने भिरकावलेला चहाचा कप भिंतीवर आदळून फुटला.

तिने खाली बसून तुकडे वेचले. शेवटचा तुकडा तळहातावर ठेवून ती म्हणाली, “म्हणजे आज संध्याकाळी दिवा राहणार नाही.”

“नाही! कानात बोळे घातलेत का?”

“तुम्ही बंद करताय. मी नाही.”

“हो, मीच! काय लिहून देऊ?”

त्याने वायर उपटली, टाकीला चहूबाजूंनी काळे कापड गुंडाळले आणि कडांना चिकटपट्टी लावली. ती त्या काळ्या कापडाकडे क्षणभर पाहत उभी राहिली. मग आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज झाला. राग गिळून कपड्यांच्या घड्या घालीत असेल, असे त्याने ताडले. धाक असल्याशिवाय घराला वळण लागत नाही, असे पुटपुटत तो वर्तमानपत्र घेऊन बसला.

साडेसात वाजले. खाली बस आली. इंजिनाची घरघर बराच वेळ एकाच जागी ऐकू येत राहिली. हॉर्न वाजला नाही.

“सुधारलं वाटतं गाढव,” तो समाधानाने म्हणाला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दोनदा, तुटक.

तो उठेपर्यंत ती दाराशी पोहोचली होती. तिच्या पायात चपला होत्या, हातात पिशवी. तिने कडी काढली. दारात चालकाच्या खाकी गणवेशात तिचा धाकटा भाऊ धापा टाकीत उभा होता, आणि त्याच्यामागे जिन्यावर कंडक्टरबाई व बसमधले चार-पाच प्रवासी.

“ताई,” तो म्हणाला, “आज उजेड दिसला नाही.”