लाभार्थी स्वतः हवा

"आई, चल. घर मिळालंय तुला," म्लुंगिसी हॉस्पिटलच्या खाटेशी वाकून म्हणाला.

उत्तराची वाट न पाहता तो दाराकडे वळला.

त्याची बहीण नोक्वाझी दाराशी आईची पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत चपला, शाल आणि ओळखपत्र.

"सावकाश न्या," नर्स म्हणाली. "जिना अंधारा आहे. त्यांना सांगत सांगत उतरा."

"चारच्या आत पोचायचंय हो," नोक्वाझी म्हणाली. "नाहीतर सगळं मुसळ केरात."

डर्बनच्या नदीकाठची त्यांची झोपडी पाडली, तेव्हा पालिकेनं त्यांना पत्र्याच्या छावणीत नेऊन टाकलं होतं. सहा महिन्यांत पक्कं घर देतो म्हणाले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणतातच. इथं ते सहा महिने चौदा वर्षं चालले. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात गळायचा, आणि दर निवडणुकीला कुणीतरी येऊन दारावर नवा नंबर रंगवून जायचं. आईला सगळी छावणी माखोझा म्हणायची. ही माखोझा दर महिन्याला पालिकेत जाऊन यादीत आपलं नाव शाबूत आहे ना, ते बघून यायची. तिथले कारकून तिला बघून तोंड फिरवायचे. तरी जायची.

आता नाव लागलं होतं. टेकडीवर दोन खोल्या, संडास, घरात नळ. अट एकच: लाभार्थ्यानं शुक्रवारी चारच्या आत अधिकाऱ्यासमोर स्वतः घरात पाऊल ठेवायचं. नाही आला तर घर यादीतल्या पुढच्या नावाला. आणि सोमवारी छावणी पाडणार होते. म्हणजे घर गेलं तर दोघं भावंडं रस्त्यावर.

टॅक्सीची व्हॅन गच्च भरली होती. "किती जण?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तिघं," नोक्वाझी म्हणाली.

ड्रायव्हरनं आरशातून म्लुंगिसीकडे पाहिलं आणि गाणी बंद केली. मागच्या बाकावरची एक बाई आपलं गाठोडं मांडीवर घेत सरकली.

"खिडकीशी बसवा आईंना," ती म्हणाली. "रस्ता दिसू दे."

"आई, पूल आला," म्लुंगिसी म्हणाला. थोड्या वेळानं, "आई, आता डावीकडे वळतोय." वाटभर तो फक्त तिच्याशी बोलत होता. बहिणीशी नाही, दुसऱ्या कुणाशीच नाही.

नोक्वाझीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज हातात येत होतं. पण तिला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. ती बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसली आणि वाचलेलं लगेच विसरत गेली.

टेकडीवरचा रस्ता पालिकेनं अर्धाच केला होता. पुढची चढण पायी. नोक्वाझी आधी पळाली.

पालिकेचे न्गेमासाहेब घराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर यादी. सकाळी त्यांनी एका माणसाला हात हलवत परत पाठवलं होतं, काकाच्या जागी तो आला म्हणून.

"माखोझा कुठायत?"

"येतायत साहेब. भाऊ घेऊन येतोय. चढण आहे ना."

"पोरी, चाराला दहा कमी आहेत. मला गोष्टी सांगू नकोस. नाव एकाचं लागतं आणि राहायला येतो भलताच. लाभार्थी स्वतः हवा."

"स्वतःच येतायत."

"तुझ्या तोंडाकडे बघून मी किल्ली देणार नाही."

"नका देऊ. तिच्याकडे बघून द्या."

वळणावर म्लुंगिसी दिसला. न्गेमासाहेब डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. मग उठले, खुर्ची बाजूला घेतली, टोपी काढली आणि कुलूप उघडलं.

"या, माखोझा," ते म्हणाले. "फार वाट पाहायला लावली आम्ही तुम्हाला."

म्लुंगिसी त्यांच्याकडे न बघता आत गेला. "आई, हे तुझं घर. पोचलीस," असं म्हणून त्यानं बोरीची काटेरी डहाळी भिंतीशी टेकवून ठेवली. मंगळवारी आई ज्या खाटेवर वारली, त्या खाटेपासून तो ती हातात धरून आला होता; माणूस जिथं गेला तिथून त्याचा आत्मा अशा डहाळीवर, वाटभर फक्त त्याच्याशी बोलत, घरी आणायची तिथली रीत होती. न्गेमासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि यादीत माखोझाच्या नावापुढं लिहिलं: स्वतः हजर.