रेडियमची भुतं

"मर गया," श्रीकांतने निर्वाळा दिला.

रियाधच्या बत्हा बाजारातल्या जुन्या सामानाच्या दुकानात दुकानदार हाशिरभाईने अंधारात चमकणारं, बोटभर उंचीचं रेडियमचं भूत दोन्ही तळहातांत मिटून धरलं होतं. श्रीकांतने फटीला डोळा लावून नीट पाहिलं. आत काळोख.

हाशिरने स्वतः फटीतून पाहिलं. मग श्रीकांतकडे पाहिलं.

"भाई, दाम कम कराने का ये नया तरीका है क्या?" हसत त्याने भूत कागदात गुंडाळलं. "ले जाओ. तेरहवाँ है, मेरी तरफ से."

चाळीस वर्षांपूर्वी असली भुतं परदेशी खाऊच्या पुड्यांत फुकट निघायची. मामाने दुबईहून आणलेलं एक श्रीकांतने लहानपणी उशाशी घेऊन झोपून झोपून झिजवलं होतं. आता रियाधला बस चालवताना तो ती एकेक करून जमवत होता, चिपळूणला असलेल्या लेकीसाठी, कीर्तीसाठी. पोर नऊ वर्षांची, पण अंधाराला भ्यायची. भुतांची बारशीही त्यानेच केली. सापळा तो मुंजा, टोपीवाली ती हडळ, दात विचकणारा तो खवीस.

पण दोनेक महिन्यांपासून ती विझायला लागली होती. आधी मुंजा गेला, मग हडळ. उन्हात ठेवा, दिव्याखाली धरा, ढिम्म.

"विझलं म्हणजे गेलं कुठं, दादा?" खोलीतला समाधान म्हणायचा. "खोलीतच असणार की!"

समाधान रात्रपाळीचा वेल्डर. तो दिवसा झोपायचा, म्हणून खिडकीला चांदीचा कागद चिकटवलेला. त्याच्यासाठी ती नुसती चेष्टा होती. श्रीकांतला मात्र हल्ली वाटायचं, खरंच काहीतरी मोकळं सुटलंय. तिन्हीसांजेला जिन्यात कुणीतरी पाय धरायचं. मोरीतली बादली जागा बदलायची. परवा तर आवारातला खांबच त्याच्या बसला येऊन घासला.

"दिवे तरी लावा रे!" तो वॉचमनवर उखडला. वॉचमन नुसता डोक्यावरच्या जळत्या दिव्याकडे बघत राहिला.

चूक श्रीकांतची असणं शक्यच नव्हतं. गेल्याच महिन्यात दवाखान्यात डोळे तपासताना त्याने लख्ख उजेडातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली होती. "मुमताज," म्हणजे एकदम उत्तम, म्हणत तिथल्या माणसाने शिक्का मारला. त्यावरच तर मक्केच्या वेशीपर्यंतचा रूट मिळाला; तिथून आत मुसलमान ड्रायव्हर नेणार. आज शुक्रवारपासून रात्रीची बस, पंचेचाळीस यात्रेकरू. वर्षभर हा रूट नीट केला की बायको अनिता आणि कीर्तीला इकडे आणायचं ठरलं होतं.

दुपारी त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, सगळी एकदम दाखवा ना. लाइट घालवून."

"विझली गो ती. म्हातारी झाली."

"असू देत. मी नाही घाबरणार."

श्रीकांतने तेराही भुतं फळीवर मांडली आणि ट्यूबलाइटखाली अर्धा तास तापू दिली. समाधान भिंतीकडे तोंड करून घोरत होता. मागचा कॅमेरा भुतांकडे करून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि त्याने पडद्यावर रुमाल टाकला. बटण खाली केलं.

काळोख. डांबर ओतल्यासारखा.

"कीर्ती? आहेस ना गो?"

"बाबा!" ती कुजबुजली. "मुंजा कसला चमकतोय! आणि हडळ बघा! एक, दोन, तीन..." तिने तेरापर्यंत मोजलं.

श्रीकांत काळोखातच हसला. पोर कधी एवढी मोठी झाली? बापाचं मन राखायला खोटं बोलायला लागली.

"हो तर," तोही म्हणाला. "काय चमकतायत!"

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. बस धुऊन पुढे लावायची होती. तो फळीवर बसची चावी चाचपू लागला. हात बाटलीला लागला, फोन आडवा झाला.

पलंग करकरला. समाधान कूस बदलून अर्धवट झोपेतच कावला.

"दादा, त्या भुतांवर टॉवेल टाका ओ, डोळ्यांवर उजेड येतोय. आणि चाचपताय काय, चावी ती काय समोर दिसतेय, खविसाच्या पायाशी."