हणमंताचा धडा

पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांनी हणमंताचा धडा घेतला होता. राहिली होती फक्त त्याची बहीण वैजयंता. साहेबांनीच तिला सूट दिली होती.

आता कामावर कुणी कुणाला तोंडी शिकवत नसे. एकाचा अनुभव कपाळावरच्या पट्टीतून बाकीच्यांना मिळायचा. एकाची चूक सगळे एकदा भोगत आणि पुन्हा करत नसत. म्हणूनच हणमंत पवनचक्कीवरून पडून गेला, तेव्हा त्याच्या पट्टीतला तो शेवटचा अनुभवही सगळ्यांत वाटला गेला.

वैजयंता डबा उघडून बसली की बायका गप्प होत. भावाचा शेवटचा क्षण या सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, हे तिला सोसेना. तिने शेजारी बसलेल्या नसीमला विचारलं, "घाबरला होता का गं तो?"

"नाही ताई. कळायच्या आतच झालं सगळं."

वैजयंता उठून शिकायच्या खोलीत गेली आणि तिने पट्टी बांधली. कमरेच्या दोराचा हूक नीट अडकला नसताना हणमंताने अंगाचा भार टाकला. पाय सुटला. मग भीती आली, संपता संपेना अशी, आणि त्या भीतीत तो आईला हाका मारत होता.

ती बाहेर आली तेव्हा नसीम दाराशीच उभी होती. तिला मान वर करवेना.

वैजयंताने तिचा हात धरला. "संध्याकाळी घरी येशील? आई रोज हेच विचारते गं. मला नाही जमायचं. मघाशी मला सांगितलंस ना, तसंच तिलाही सांग."