वगळलेला प्रसंग

तोच सिनेमा काकांना पुन्हा घेताना पाहून दुकानदार म्हणाला, "काका, हा तर आहे की तुमच्याकडे." पण काकांना सिनेमा नकोच होता. तरुणपणी काकूने त्यात नर्सचं छोटंसं काम केलं होतं आणि नेमका तेवढाच प्रसंग कापला गेला होता. काकू गेली, त्यानंतर तिचा आवाज घरात कुठेच उरला नव्हता. या नव्या डिस्कच्या मागे मात्र 'वगळलेले प्रसंग' असं छापलेलं होतं.

घरी आल्या आल्या काकांनी मला डिस्क लावायला सांगितली. "आवाज वाढव. ती फार हळू बोलायची."

पडद्यावर काकू आली, पेशंटच्या उशाशी वाकली आणि तिचे ओठ हलू लागले. पण ऐकू आला तो दिग्दर्शकाचा आवाज. हा प्रसंग का कापावा लागला, ते तो हसत हसत समजावून सांगत होता. मी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली, पण त्या प्रसंगाला दुसरा आवाजच दिलेला नव्हता.



काका पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "राहू दे. त्याचं बोलून झालं की ती बोलेल."