हाय का?

जे नवं मशीन सुरू व्हायचं, ते थोड्याच वेळात मेलेलं निघायचं.

रविराज वडवणीतल्या भाड्याच्या खोलीत बसून हे मृत्यू बघत होता. शेळ्यामेंढ्यांच्या खरेदी-विक्रीचं एक अ‍ॅप तो सांभाळायचा. मशीनं आभासी होती. गर्दी वाढली की आपोआप वाढायची. खोलीत मात्र तो एकटाच होता.

"आणखी मशीनं वाढव ना," पुण्याहून सुकन्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

"वाढवली की जास्त मरतात, मॅडम."

"असं कसं?"

"बघतो."

"बघ. उद्या बाजार आहे."

फोन बंद झाला. आठवड्याचं बोलणं संपलं.

तशी रोज एक विचारपूस व्हायची. आई तलवाड्याला थोरल्या भावाकडे असे. सकाळी तिच्या फोनवरून मेसेज यायचा, 'हाय का?' इकडून उत्तर जायचं, 'हाय.' रविराज मेला तर जगाला कळायची तेवढी एकच सोय होती. उत्तर कधी चुकलं नाही. तो तापानं फणफणून पडला होता तेव्हासुद्धा नाही.

त्याच धर्तीवर त्यानं मशीनांचीही व्यवस्था लावली होती. प्रत्येकाला सतत विचारायचं, 'हाय का?' त्यानं डिस्कवर लिहायचं, 'हाय.' जे लिहिणार नाही ते मेलं समजायचं आणि नवं आणायचं.

दुपारी उलगडा झाला. डिस्क सगळ्यांत मिळून एकच, आणि एका सेकंदात ती किती लिहिणार याला मर्यादा. मशीनं वाढली तशी 'हाय' म्हणणाऱ्यांचीच रांग लागली. ज्याचा नंबर उशिरा आला ते मेलेलं ठरलं. त्याच्या जागी नवं आलं, तेही रांगेत. खरं तर मेलं कुणीच नव्हतं. जिवंत असल्याचं सांगण्यातच सगळी दमली होती.

त्यानं 'हाय' म्हणायची सगळी व्यवस्थाच बंद करून टाकली. अ‍ॅप पळायला लागलं. मॅडमनी अंगठा पाठवला.

चार दिवसांनी त्याचं आईच्या मेसेजकडे लक्ष गेलं. 'हाय का?' 'हाय का?' 'हाय का?' एकाखाली एक, उत्तराविना. आईला रोज परस्पर उत्तर देणारी त्याची सोयही त्याच व्यवस्थेत बसवलेली होती. आई रडून बेजार झाली असेल. भाऊ गाडी काढून निघालासुद्धा असेल. त्याला लाज वाटली. थोडं बरंही वाटलं.

त्यानं फोन लावला. उज्ज्वला वहिनीनं उचलला.

"भावजी? आज कावून फोन?"

"वहिनी, आई लई घाबरलीय का?"

"आत्याबाई? त्या रानात गेल्यात. कावून घाबरतील?"

"तिचा मेसेज येतोय रोज."

"त्यो व्हय! त्यो ह्यांनी लावून ठिवलाय, आपोआप जातोय. तुमाला एकटं वाटू नये म्हणून."

"आणि माझं उत्तर?"

"ते कोण बघतंय, भावजी? तुमी रोज हायच म्हणता की."