हिरवी वायर

समजा, तुम्ही मिरजगावातल्या एका अंगणात खाटेच्या कडेला बसला आहात. उन्हाळ्यातली सकाळ आहे. लिंबाच्या सावलीत शेवयांचे मशीन मांडले आहे, पण ते गप्प आहे, कारण त्याला वीज देणाऱ्या बोर्डाचे सॉकेट काल जळून काळे पडले. गल्लीतल्या बायका भिजवलेले पीठ ओल्या फडक्याखाली झाकून बसल्या आहेत. आणि तुमच्या अगदी समोर, मांडी घालून, अकरा वर्षांची ज्ञानेश्वरी नवे सॉकेट बसवते आहे.

बोर्डाची पिन भिंतीतून काढून आबांच्या मांडीवर ठेवली होती. आबा म्हणजे तिचे आजोबा, मच्छिंद्र. नागापूरच्या कारखान्यात वायरिंग करण्यातच त्यांची नोकरी सरली. आज मात्र हात नातीचे, त्यांचे फक्त डोळे, असे ठरले होते.

आजीला, मुक्ताबाईला, हे मान्य नव्हते. मशीन तीच चालवते. "स्टँडवरचा वायरमन बोलवा," ती सकाळपासून म्हणत होती. आता म्हणाली, "आज काही चुकलं तर हिच्या हातात पुन्हा हत्यार द्यायचं न्हाई. सांगून ठेवते."

ज्ञानेश्वरीने मान वर केली नाही. तिने लाल वायरचे टोक सोलले. आतल्या तांब्याच्या बारीक तारा केसांसारख्या पिंजारल्या. तिने शेजारच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवले आणि तारा वळायला घेतल्या.

"हे काय गं?" आबांनी विचारले.

"आजी वाती वळताना दुधात बोट बुडवती. मग वात सुटत न्हाई."

बायका हसल्या. आबा हसले नाहीत. "वळतीस बरोबर," ते म्हणाले. "पन वात जळावी म्हनून वळतात बाळा. ही जळू नये म्हनून. कोरडी वळ."

तिने ओले टोक कापून टाकले, पुन्हा सोलले, कोरड्या बोटांनी वळले. पण स्विचच्या भोकात ते सगळे जाईना. दोन तारा बाहेर फुटल्या. तिने कात्री उचलली तसा आबांनी कात्रीवर हात ठेवला.

"चौघांनी उचलायचं पोतं दोघांनी उचललं तर?"

"दमतील."

"तांबं दमलं की तापतं. कालचं सॉकेट तसंच गेलं. कुनीतरी तारा छाटल्या हुत्या."

"मग ऱ्हाऊ दे बाहेर?"

"बाहेरची तार शेजारनीला जाऊन भिडती. मग नुसतं भांडन."

"आमच्याकडं बघून बोलू नका भाऊजी," खाटेवरून शेजारची गोजरबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरीने टोक सोडवून आणखी घट्ट वळले. या वेळी सगळ्या तारा एकजुटीने आत गेल्या. तिने स्क्रू पिळला. वरच्या प्लास्टिकवर नव्हे, नेमका तांब्यावर.

"आता ओढ. भिऊ नको, चांगली ओढ."

वायर हलली नाही.

"तुझ्या हातानं निघाली न्हाई, ती मशीनच्या हादऱ्यानंबी निघायची न्हाई," आबा म्हणाले.

मग काळी वायर सॉकेटात गेली. तीही तिने ओढून पाहिली. राहिली हिरवी.

"अजून एक हायच का?" गोजरबाई वैतागली. "आमच्या मशीनला दोनच हायेत. फिरतं की."

"फिरायला दोनच लागतात," आबा म्हणाले. "मशीनच्या पत्र्यात कधी वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला ही वाट. ही वाट नसली, तर ती मशीन धरनाऱ्याच्या अंगातून जाती."

ज्ञानेश्वरीने आजीकडे पाहिले. आजी अनवाणी उभी होती, ओल्या फरशीवर, कोपरापर्यंत पीठ.

"भाऊजी, पीठ वाळलं की शेवई तुटती. तुमची शाळा उद्या भरवा," गोजरबाई म्हणाली. तेवढ्यात मशीनवर ऊन आले, आणि ते सरकवायला आबांना हाक आली. पिन नातीच्या मांडीवर ठेवून ते उठले. परत आले तेव्हा बोर्डाचे झाकण लागलेले होते.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली.

आबांनी पिन लावली. ज्ञानेश्वरीने बोर्डाचा स्विच दाबला. मशीन घरघरले, आणि जाळीतून शेवयांची पहिली झालर खाली उतरली. मुक्ताबाईने ती अलगद काठीवर घेतली.

"आता कशाला लागतोय तो स्टँडवरचा," ती म्हणाली. "घरातच हाय की आपली."

"व्हय, उद्या आमच्याकडं बी पाठवा तिला," गोजरबाई म्हणाली.

आबांना आपल्या मिशीतले हसू आवरेना. त्यांनी नातीकडे पाहिले. ती हसत नव्हती. ती आपल्या बोटांकडे बघत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. लाल. काळी. मग तिने आजीच्या पायांकडे पाहिले. आजी खुशीत होती, सगळ्या बायका खुशीत होत्या, मशीन झकास फिरत होते.

ज्ञानेश्वरी उठली आणि तिने स्विच बंद केला. अर्ध्या उतरलेल्या शेवया जाळीखाली लोंबत राहिल्या.

"अगं, काय झालं?" आजीने विचारले.

"हिरवी ओढायची राहिली."

कोणी काही बोलायच्या आत तिने पिन काढली, झाकण उघडले, हिरवी वायर चिमटीत धरली आणि सगळ्यांसमोर जोर लावून ओढली.