नोंदीसाठी नाव

"अगं, पोपटासारखी बोलतेस की तू!" दिव्यांग विद्यार्थी साहाय्य समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या आणि तिच्या अर्जावर त्यांनी आडवी रेघ मारली. "याला अडखळणं म्हणतात होय? उद्या कुणीही उठेल आणि तोंडी परीक्षेत जादा वेळ मागेल."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. मागच्या वर्षी रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ती पहिल्याच उत्तराला अडकली, दहा मिनिटं संपली आणि पदरात शून्य पडलं. यंदा पुन्हा नापास झाली की विद्यापीठातून गाशा गुंडाळायचा. जादा वेळ मिळाला तरच ती तरणार होती.

आणि घात केला तो तिच्याच हुशारीने. कुठला शब्द घशात अडकणार, हे तिला आधीच कळायचं. मग ती हळूच दुसरा पुढे सरकवायची. 'मदत' अडणार असं वाटलं की 'आधार'. पाचवीत सगळा वर्ग खदाखदा हसला, तेव्हापासूनची ही सवय. परीक्षेत ती चालत नाही. रसायनांना कुठली आलीत टोपणनावं! पण या मेल्या खोलीत लाजेपोटी तिने सगळे सोपे शब्द निवडले होते. जे दाखवायला आली, तेच झाकून बसली.

"सोबत डॉक्टरांचा दाखला जोडलाय," ती म्हणाली. तेही न अडखळता.

"दाखले काय, पैशाला पासरी मिळतात." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "जाताना नोंदीसाठी पूर्ण नाव सांग. सगळ्यांनाच सांगावं लागतं. चल, आटप, मला मीटिंग आहे."

नाव! त्याला कुठला आलाय बदली शब्द? तिने तोंड उघडलं. पहिलं अक्षर जिभेवर आलं आणि तिथेच रुतून बसलं. मान ताठ झाली, डोळे मिटले.

"असू दे, असू दे," शेजारी नोंदवही उघडून बसलेले कारकूनकाका कनवाळूपणे म्हणाले. "अर्जावर आहे ना. मीच लिहितो." आणि लिहूही लागले.

जन्मभर हेच. तिचं वाक्य दुसऱ्याने संपवायचं आणि तिने मान डोलवायची. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने काकांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मुठीत घट्ट धरलं. पुन्हा पहिलं अक्षर. पुन्हा तेच. खुर्चीतून अर्धवट उठलेल्या बाई तशाच राहिल्या. काका छताकडे बघू लागले. भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा एक फेरी मारून पुढे गेला, तेव्हा कुठे नाव बाहेर पडलं. अख्खं, तिचं स्वतःचं.

तिने घाम पुसला. बाई पर्स उचलून दाराकडे निघाल्या.

"बसा," ती म्हणाली. "अजून वडिलांचं नाव आणि आडनाव राहिलंय."